बी सेल रिसेप्टर सिग्नलिंग

बी सेल म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, पण त्या आपोआप कामाला लागत नाहीत, आधी रिसेप्टरमधून, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या पेशीवरच्या प्रोटीनमधून, सिग्नल यावा लागतो. हा रिसेप्टर म्हणजे खरंतर पेशीच्या आवरणात रुतलेली अँटीबॉडीच, आयजीएम किंवा आयजीडी प्रकारची. तिचं आतलं टोक मात्र इतकं आखूड की निरोप आत पोचवायचं काम शेजारच्या आयजी-अल्फा आणि आयजी-बीटा या प्रोटीनच्या जोडीलाच करावं लागतं.

जंतूचा भाग चिकटून रिसेप्टर जवळजवळ गोळा झाले की लिन नावाचं एन्झाइम या जोडीवर फॉस्फेट लावतं, त्यावर सिक नावाचं दुसरं एन्झाइम येऊन बसतं, तिथून बीटीके आणि पीएलसी-गॅमा-२ ही पुढची एन्झाइम चालू होतात, पेशीत कॅल्शियम वाढतं आणि शेवटी एनएफ-कप्पा-बी वगैरे प्रोटीन केंद्रकात जाऊन जीन चालू करतात. बीटीकेचा जीन बिघडलेल्या मुलांमध्ये बी सेल जवळपास नसतातच (ब्रुटन यांनी असा मुलगा १९५२ मध्ये नोंदवला, जीन सापडला १९९३ मध्ये). उलट काही ब्लड कॅन्सर याच सिग्नलवर जगतात, म्हणून बीटीके बंद करणारं इब्रुटिनिब हे औषध २०१३ पासून अमेरिकेत वापरात आलं.

पण जंतूचा तो भाग प्रोटीन असेल तर एवढ्यावर भागत नाही. बी सेल तो तुकडा आत ओढून, तोडून टी सेलला (मदत करणारी दुसरी पांढरी पेशी) दाखवते, टी सेलने बी सेलवरच्या सीडी४० या प्रोटीनवर होकार दिला तरच आयजीएमची आयजीजी होते, मेमरी तयार होते. होकार नाही आला तर बी सेल गप्प पडते नाहीतर मरते.

न्यूमोकोकसचं (न्यूमोनिया करणारा जंतू) कवच मात्र साखरेच्या लांब साखळ्यांचं, ते टी सेलला दाखवताच येत नाही. एकाच साच्याच्या त्या साखळ्या भरपूर रिसेप्टर एकदम ओढतात म्हणून काही बी सेल टी सेलशिवायही जाग्या होतात, पण अशा पेशी मुख्यतः प्लीहेत, आणि दोन वर्षांखालच्या बाळात त्यांचं काम कच्चंच. आता नागपुरात हे काऊन महत्त्वाचं, तर इथे आणि अख्ख्या पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे आणि त्यात प्लीहा बऱ्याचदा लहानपणीच निकामी होते, म्हणजे मेडिकल-मेयो या इथल्या सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीत येणाऱ्या या पोरांना न्यूमोकोकसचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त. ही साखरेची अडचण टाळायला न्यूमोकोकसच्या पीसीव्ही लसीत साखरेला प्रोटीन जोडलेलं असतं, बी सेल साखर ओळखून सगळंच आत घेते आणि टी सेलला प्रोटीन दाखवून होकार मिळवते, एकदम हुशार जुगाड. सरकारी लसीकरणात ती २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली, डोस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना.