टाकीतलं तरंगणं आणि विमानातलं तरंगणं

शुभांशू शुक्ला 2025च्या जूनमध्ये अंतराळ स्थानकात गेले, तिथं मूग-मेथीला मोड आणून आले, तेव्हापासून आमच्या सोलापूरच्या घरात भाच्याच्या मोबाइलवर अंतराळवीरांच्या सरावाचे व्हिडिओ चालूच आहेत. परवा मोहोळकडच्या शेतात, विहिरीच्या काठावर बसून त्यानं विचारलं, "ओ मामा, ते टाकीतबी तरंगतात, विमानातबी तरंगतात. मग दोन-दोन खर्च कशाला?"

प्रश्न बरोबर होता. पण दोन्ही तरंगणं एक नाही. टाकीत वजन जातच नाही.

पोहायला शिकताना आमच्या पाठीला वाळका भोपळा बांधायचे. भोपळा वर ओढतो, आपण खाली जातो. अमेरिकेत ह्यूस्टनला अंतराळवीरांच्या सरावासाठी नासाची 40 फूट खोल पाण्याची टाकी आहे, तिच्यात हेच करतात, फक्त मोजूनमापून: अंतराळवीराच्या सूटला वजनं आणि फोम लावून असा तोल साधतात, की माणूस ना वर येईल, ना तळाला जाईल. पण सूटच्या आत शरीर जड ते जडच. उलटं झालं की रक्त डोक्यात उतरतं. शिवाय पाणी हात अडवतं. अंतराळात ढकललेली वस्तू जातच राहते.

विमानात मात्र खरोखर पडायचं असतं. विमान तिरकं वर चढतं आणि मग फेकलेल्या दगडाच्या वाटेनं जातं. माणसं, विमान, बाटलीतलं पाणी, सगळं एकाच वेगानं पडतं, म्हणून कुणी कुणावर टेकत नाही. स्थानकातही तेच चालतं. टीव्हीवाले 'तिथं गुरुत्वाकर्षण नसतं' म्हणून मोकळे होतात, पण 400 किलोमीटरवर ते इथल्या जवळपास 90 टक्के असतं. स्थानकही पडतच असतं. तासाला 28,000 किलोमीटरच्या वेगानं पुढं जात असल्यामुळं जमिनीला लागत नाही एवढंच.

विमानातलं हे सुख जेमतेम 20-25 सेकंदांचं. त्याच्या आधी आणि नंतर अंगावर जवळपास पावणेदोनपट भार येतो, आणि एका उड्डाणात असे 30-40 हेलकावे. पोटातलं बाहेर येतं ते उगाच नाही. एवढ्या वेळात द्रव कसा वागतो, एखादं उपकरण चालतं का, हे बघून होतं. पण स्थानकाबाहेर जाऊन सहा-सात तास दुरुस्ती करायची असेल, तर त्याचा सराव विमानात कसा करणार? त्याला टाकीच हवी. तिथं स्थानकाच्या भागांच्या खऱ्या मापाच्या प्रतिकृती बुडवून ठेवलेल्या असतात, आणि एकेक काम कितीदा तरी घोटून घेतात.

भाच्यानं ऐकून घेतलं, शर्ट काढला आणि मुटका मारला. काठापासून पाणी सोळाएक फूट खाली, म्हणजे एक सेकंदाचं पडणं.

वर आला, तोंडावरचं पाणी निपटत म्हणाला, "मामा, पोटात गोळा आलता. पाण्यात शिरलो की गेला."