छोटा माइक 2.4 वर का आला : बिनतारी माइकच्या निवडीमागची पार्श्वभूमी

व्हिडिओ करणाऱ्यांसाठी बाजारात आज जे बिनतारी माइक आहेत, त्यांतले बहुतेक 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. दोन ट्रान्समीटर, एक रिसीव्हर, चार्जिंगची डबी आणि खोक्यावर 200-250 मीटरचा दावा, असा साधारण थाट. घेणारा विचारतो बॅटरी किती टिकते, रेंज किती, नॉइज कॅन्सलेशन आहे का. माइक कोणत्या फ्रिक्वेन्सी पट्ट्यात चालतो हे फारसं कुणी विचारत नाही, कारण दुसरा पट्टा समोर दिसतच नाही. पंधरा वर्षांपूर्वी हाच प्रश्न पहिला असायचा.

रंगमंचावर आणि टीव्ही स्टुडिओत बिनतारी माइक 1950च्या दशकापासून आहेत. एकट्या कॅमेरामनच्या पिशवीत ते पोहोचले तेव्हा व्यवस्था ठरून गेली होती : कमरेला बॉडीपॅक, त्यातून निघालेला कॉलर माइक, कॅमेऱ्यावर रिसीव्हर, आणि मधला दुवा यूएचएफवर अ‍ॅनालॉग एफएमचा. 470 ते 862 मेगाहर्ट्झ हा यूएचएफमधला टीव्हीचा पट्टा. एका शहरात सगळ्या वाहिन्या कधीच भरलेल्या नसत. शेजारच्या शहराच्या प्रक्षेपणाशी टक्कर होऊ नये म्हणून काही रिकाम्या ठेवाव्या लागत. त्या रिकाम्या जागेत 10 ते 50 मिलिवॉटचा माइक बिनधास्त चालायचा. आवाजाला विलंब जवळजवळ शून्य. त्रास होता तो फ्रिक्वेन्सी जुळवण्याचा. तीन माइक समान अंतरावर ठेवले, म्हणजे 500, 501 आणि 502 मेगाहर्ट्झवर, तर पहिल्या दोघांच्या मिश्रणातून (501 ची दुप्पट वजा 500) नेमका 502 वरच कचरा तयार होतो आणि तिसरा माइक गुरगुरायला लागतो. म्हणून अंतरं मुद्दाम विषम ठेवायची. हे ज्याला येत होतं, त्याचं काम स्वच्छ व्हायचं.

मग ही रिकामी जागा विकायला निघाली. टीव्ही डिजिटल झाला की तेवढ्याच वाहिन्या कमी जागेत मावतात, आणि सुटलेली जागा मोबाइल कंपन्यांना लागते. अमेरिकेत 698 ते 806 मेगाहर्ट्झमधले माइक 12 जून 2010 पासून बेकायदा ठरले. ज्यांनी नवे संच घेतले त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते 600च्या घरातले घेतले. 2017 मध्ये 600 मेगाहर्ट्झचा लिलाव पुरा झाला, बोली 19.8 अब्ज डॉलरपर्यंत गेली, आणि 13 जुलै 2020 नंतर त्या पट्ट्यातला मोठा भागही बंद झाला. दहा वर्षांत दोनदा चालू स्थितीतली सामग्री टाकून द्यावी लागली. ब्रिटनमध्येही 800 आणि नंतर 700 मेगाहर्ट्झ गेले, पण तिथे जुन्या संचांच्या बदल्यात सरकारी पैशातून काही भरपाई मिळाली. अमेरिकेत तशी योजना नव्हती. उत्पादकांनी दिलेली सूट एवढाच दिलासा.

या सगळ्यात 2014 चा एक निर्णय आजच्या छोट्या माइकच्या दृष्टीने लिलावांहूनही महत्त्वाचा आहे, आणि त्याची चर्चा मात्र ध्वनितंत्रज्ञांच्या बाहेर झालीच नाही. तोवर अमेरिकेत माइकसाठी परवाना मिळायचा तो प्रसारण संस्था आणि चित्रपट निर्मात्यांना. बाकीचे नाटकवाले, चर्च, लग्नाचे व्हिडिओवाले विनापरवाना चालवत. 2014 मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकाने परवान्याचं दार थोडं उघडलं, पण उंबरठा ठेवला 50 माइकचा. नेहमीच्या कामात 50 किंवा अधिक माइक वापरणाऱ्या ध्वनिकंपन्या आणि मोठी सभागृहंच पात्र. परवाना असला की कार्यक्रमाच्या वेळी ठरावीक जागा नोंदवून राखता येते. नसला तर त्याच पट्ट्यात कमी शक्तीवर चालवायची मुभा आहे, पण कुणी आड आलं तर तक्रार करायचा हक्क नाही.

नियामकाचा तर्क वरवर पाहता सरळ होता. मोठ्या कार्यक्रमाला पन्नास-साठ मोकळ्या जागा एकाच वेळी लागतात, त्या आयत्या वेळी सापडणार नाहीत. दोन माइकवाल्याला दोन जागा कुठेही मिळतील. पण पुढच्या लिलावाने हा तर्कच पोकळ केला. उरलेल्या टीव्ही वाहिन्या 470 ते 608 मध्ये एकमेकींना खेटून बसवल्या गेल्या, आणि मोठ्या शहरांत दोन जागा शोधणंही कठीण झालं. त्यात मोठ्या कार्यक्रमाला फ्रिक्वेन्सी सांभाळायला स्वतंत्र माणूस असतो. एकटा व्हिडिओवाला कॅमेरा, दिवे आणि आवाज तिन्ही बघतो. ज्याला संरक्षणाची गरज जास्त, तोच बाहेर राहिला. माइकची संख्या हा निकष मोजायला सोपा होता म्हणून घेतला गेला, योग्य होता म्हणून नव्हे. त्याच काळात एकट्याने व्हिडिओ करणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढत होती, आणि ते सगळे बिनसंरक्षणाच्या गटात पडले.

उत्पादकांनी यातून जो बोध घ्यायचा तो घेतला. देशागणिक वेगळा यूएचएफ पट्टा, लिलाव झाला की माल परत, वर ग्राहकाला फ्रिक्वेन्सी शिकवायची. त्यापेक्षा 2.4 गिगाहर्ट्झ बरा. अमेरिकेने तो 1985 मध्ये स्प्रेड स्पेक्ट्रमसाठी, म्हणजे सिग्नल रुंद पट्ट्यात पसरवणाऱ्या तंत्रासाठी, खुला केला होता, भारतात तो जानेवारी 2005 मध्ये परवानामुक्त झाला, आणि जवळपास सगळ्या जगात एकच मॉडेल विकता येतं. 2019 मध्ये एका ऑस्ट्रेलियन कंपनीने 31 ग्रॅमचा ट्रान्समीटर काढला : अंगातच माइक, मागे क्लिप, कॉलर माइकची वायर ऐच्छिक. 2021 मध्ये दोन ट्रान्समीटरचा संच आला, 2022 च्या सुरुवातीला एका ड्रोन कंपनीने चार्जिंगच्या डबीसकट आपला माइक विकायला आणला, आणि 2024 पर्यंत वजन 10 ग्रॅमवर आलं. सप्टेंबर 2023 मध्ये आयफोनलाही टाइप-सी पोर्ट आल्यावर अँड्रॉइड आणि आयफोनसाठी दोन प्रकारच्या रिसीव्हरची कटकटही संपली.

भारतात यूएचएफची गोष्ट उशिरा, पण त्याच वळणाने गेली. इथे 700 मेगाहर्ट्झ 2016 आणि 2021 च्या लिलावांत कुणीच घेतला नाही. त्या काळात 740 ते 790 मेगाहर्ट्झचे स्वस्त चिनी संच मंगल कार्यालयांत आणि सभागृहांत बिनबोभाट चालत होते. 2022 च्या लिलावात हा पट्टा पहिल्यांदा विकला गेला, त्यावर 5जी सुरू झालं, आणि चांगला चालणारा माइक अचानक खरखरू लागला. भारतात या पट्ट्यात 703 ते 748 वर फोन बोलतो आणि 758 ते 803 वर टॉवर. म्हणजे 760 चा माइक टॉवरच्या तोंडी, आणि 740 चा माइक समोर बसलेल्या पाहुण्यांच्या खिशातल्या फोनच्या तोंडी. तपासायची रीत सोपी : ट्रान्समीटर बंद ठेवून फक्त रिसीव्हर चालू करा. पडद्यावरच्या सिग्नलच्या (आरएफच्या) रेघा तरीही भरलेल्या दिसल्या तर तिथे दुसरं कुणीतरी बोलतंय. सेकंडहँड बाजारात 700 आणि 800 मेगाहर्ट्झचे जुने नामांकित संच आजही चांगल्या किमतीला मिळतात. ते घेऊ नयेत. परवानामुक्त यादीत नसलेला कोणताही पट्टा वापरायचा तर परवानगी लागते, हा कायद्याचा भाग वेगळाच.

परदेशातून नातेवाइकाकडून माइक मागवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहायला हवी. 1.9 गिगाहर्ट्झवर, म्हणजे कॉर्डलेस फोनच्या डेक्ट तंत्रावर चालणारे काही चांगले संच आहेत. त्यांचं अमेरिकी रूप 1920 ते 1930 मेगाहर्ट्झवर चालतं. भारतात 1920 पासून पुढे मोबाइलचा पट्टा आहे. असा संच इथे चालू करणं म्हणजे जवळच्या टॉवरच्या कामात अडथळा आणणं.

2.4 ने परवान्याचा प्रश्न सोडवला, पण किंमत भौतिकशास्त्राने वसूल केली. 500 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 60 सेंटिमीटर, 2.4 गिगाहर्ट्झची साडेबारा. आखूड लहर माणसाच्या अंगात, म्हणजे मुख्यतः पाण्यात, पटकन शोषली जाते. खोक्यावरचे 200 मीटर हे समोरासमोर, मोकळ्या मैदानातले. बोलणाऱ्याने कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली की ते वीस-तीसवर येऊ शकतात. जुन्या सवयीने ट्रान्समीटर कमरेला मागे किंवा साडीच्या निऱ्यांजवळ खोचला, तर समोर उभं राहूनही शब्द तुटतात. जागा हवी छातीवर, हनुवटीखाली एक वीत, कॅमेऱ्याच्या बाजूला. पदरावर लावला तर पदर सरकतो आणि जरी घासते; ब्लाउजच्या काठावर लावून मंगळसूत्र एका बाजूला घेतलं तर बराच फरक पडतो.

दुसरी किंमत गर्दीची. पूर्ण पट्टा 83.5 मेगाहर्ट्झचा. वाय-फायच्या एकमेकांना न भिडणाऱ्या तीन वाहिन्या, 1, 6 आणि 11, त्यातला बहुतेक भाग खातात; ब्लूटूथही याच पट्ट्यात उड्या मारत असतं. माइक सेकंदाला अनेकदा फ्रिक्वेन्सी बदलून मोकळी फट शोधतो. रिकाम्या हॉलमध्ये सकाळी केलेली चाचणी म्हणूनच फसवी असते. संध्याकाळी पाचशे फोन आत आले की फटी संपतात. अ‍ॅनालॉग यूएचएफ अशा वेळी खरखर करून आधी इशारा द्यायचा. डिजिटल दुवा शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग अख्खं अक्षर गिळतो. उपाय साधे आहेत : कॅमेऱ्याचं स्वतःचं वाय-फाय बंद, रिसीव्हर जोडलेल्या फोनचा हॉटस्पॉट बंद, वायरलेस व्हिडिओ ट्रान्समीटर रिसीव्हरपासून निदान एक मीटर दूर, आणि रिसीव्हर पिशवीत न ठेवता कॅमेऱ्याच्या वर, उघड्यावर.

विलंबाची भीती मात्र अनेकदा अनाठायी असते. समर्पित 2.4 संचांचा विलंब 4 ते 20 मिलिसेकंदांच्या आसपास. 25 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेमच 40 मिलिसेकंदांची. साध्या ब्लूटूथ इअरफोनचा माइक 150-200 मिलिसेकंद मागे राहतो, तिथे ओठ आणि शब्द उघड वेगळे दिसतात.

2.4 च्या तुटण्यावर उतारा म्हणून ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग आलं. दुवा तुटला तरी अंगावरची फाइल शाबूत. ही कल्पना नवी नव्हती. अमेरिकेत एका छोट्या कंपनीकडे प्रक्षेपण आणि ध्वनिमुद्रण एकाच वेळी करणाऱ्या अंगावरच्या यंत्राचं पेटंट होतं, आणि त्यामुळे तिथे विकल्या जाणाऱ्या काही व्यावसायिक ट्रान्समीटरना दोन्हींपैकी एकाच वेळी एकच काम करता यायचं. प्रतिस्पर्ध्याशी झालेला वाद 2022 मध्ये अपील न्यायालयापर्यंत गेला. गर्दीत, मिरवणुकीत किंवा एकदाच घडणाऱ्या प्रसंगात काम करणाऱ्याने ही सोय नसलेला संच घेऊ नये. दहा ग्रॅमच्या काही माइकांतून वजनासाठी नेमकी हीच काढली आहे, म्हणून खोक्यावर ती वाचून घ्यावी.

2023 पासून जाहिरातींत 32-बिट फ्लोट, म्हणजे खूप हळू आणि खूप मोठा आवाज दोन्ही नंतर सावरता येतील अशी ध्वनिमुद्रणाची पद्धत, आलं, आणि गोंधळही. हे फ्लोट फक्त ट्रान्समीटरच्या आतल्या फाइलमध्ये असतं. हवेतून आणि 3.5 मिलिमीटरच्या वायरीतून कॅमेऱ्यात जातो तो नेहमीचाच आवाज. कॅमेऱ्याचा गेन, म्हणजे आत येणारा आवाज वाढवण्याचं प्रमाण, जास्त असेल तर तो फुटणारच. शिवाय माइकच्या कॅप्सूलची, म्हणजे आवाज पकडणाऱ्या भागाची, मर्यादा फ्लोटने वाढत नाही. या छोट्या माइकांची कमाल पातळी साधारण 115 ते 120 डेसिबल असते. ढोल-ताशा पथकाच्या पुढ्यात ताशा तेवढा सहज जातो आणि आवाज कॅप्सूलपाशीच चिरतो. तिथे माइक लांब न्यावा किंवा वाद्याकडे पाठ करून लावावा. रोजच्या कामाला कॅमेऱ्याचा ऑटो गेन बंद, कॅमेऱ्याचा गेन सगळ्यात खाली, रिसीव्हरचं आउटपुट वर आणि बोलण्याची शिखरं उणे 12 डेसिबलपाशी, एवढं पुरतं. सेफ्टी ट्रॅक (त्याच आवाजाची कमी पातळीवरची दुसरी प्रत) असेल तर तो चालू ठेवावा; तो मुख्य ट्रॅकपेक्षा 6 ते 20 डेसिबल खाली असतो आणि अचानकच्या हसण्याला वाचवतो.

पाचशे-हजार रुपयांचे थेट फोनमध्ये खोचायचे माइकही 2.4 चेच. त्यांच्यात फरक पडतो तो आपोआप चालणाऱ्या नॉइज रिडक्शनचा. हार्मोनियमचा लांब सूर किंवा तानपुरा त्याला पंख्यासारखा वाटतो आणि तो ते पुसून टाकतो; पुसलेलं परत येत नाही. बंद करता येत नसेल तर मुलाखतीपुरताच असा माइक ठीक, कीर्तन-भजनाला नाही.

गर्दीवरचा पुढचा तोडगा 5 गिगाहर्ट्झ आहे. भारतात 2018 मध्ये त्यातला मोठा भाग परवानामुक्त झाला, आणि 2025 मध्ये 2.4 आणि 5 यांत आपणहून उडी मारणारे माइक आले. लहर आणखी आखूड, त्यामुळे अंगाची आणि भिंतीची आडकाठी आणखी जास्त. पण भरलेल्या सभागृहात चार-पाच मीटरवर उभ्या वक्त्यासाठी तो चांगला चालतो. मोठ्या कार्यक्रमांसाठी अमेरिकेत 2024 मध्ये एकाच टीव्ही वाहिनीच्या जागेत अनेक माइक बसवणाऱ्या रुंद-पट्टा पद्धतीला मान्यता मिळाली. तिची यंत्रं सध्या तरी थिएटर आणि स्टेडियमच्या किमतीची आहेत.