पेटीएवढाच राहणारा अजगर

‘छोटी काचपेटी घे, अजगर तेवढाच राहतो’ हा सल्ला नाशिकच्या कॉलेज रोडवर अकरावीतली पोरं आजही एकमेकांना देतात. साफ चूक. वाढ ठरते जातीवर आणि खाण्यावर. अपुऱ्या पेटीत साप अवघडतो, काचेला घासून नाकाड सोलून घेतो. वाढायचा मात्र थांबत नाही. बॉल पायथन ही परदेशी अजगराची छोटी जात ४-५ फुटांची होते, रेटिक्युलेटेड पायथन ही मोठी जात २० फूट ओलांडू शकते. पॉकेटमनीत त्याच्या खाण्याचे उंदीर बसतील हो! पण पारा १० अंशांखाली गेल्यावर रात्रभर चालणारा हीटर, थर्मोस्टॅट? तेही २०-२५ वर्षं. गंगापूरच्या शेतात सापडलेला अजगर तर आणूच नका: १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार तो पाळणं गुन्हा आहे. बॉल पायथनचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते.