खोलीनं गिळलेला सूर

नवरात्राच्या चार दिवस आधी भाच्याचा फोन आला. "मामा, पार इज्जत गेली." आदल्या रात्री गल्लीतल्या मंडळानं त्याचं नवंकोरं गोंधळाचं गाणं पिकअपवरच्या डीजेवर लावून पाहिलं होतं. शब्द एक कळेना, संबळाचा पत्ता नाही, नुसतं धुम्म धुम्म. समोरच्या किराणा दुकानाचं शटर म्हणे गाण्यापेक्षा जोरात वाजायलं होतं.

"अन् स्टुडिओत कसं वाजलं?"

"स्टुडिओत तर बेस येईनाच. म्हणून तर वाढवला ना."

हे वाक्य ऐकलं आणि मी चप्पल पायात घातली.

स्टुडिओ म्हणजे परभणीत वसमत रस्त्याच्या बाजूला, ताईच्या घराच्या गच्चीवर बांधलेली एक खोली. खाली विटांच्या भिंती, वर स्लॅब. लांबी दहा फूट, रुंदी दहा फूट, आणि मिस्त्रीनं हौसेनं उंचीही दहा फूटच ठेवलेली. चारही भिंतींना अंड्याचे ट्रे चिकटवलेले. खोलीच्या बरोबर मधोमध टेबल, कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि भाच्याची खुर्ची. स्पीकर चांगले होते, सॉफ्टवेअर चांगलं होतं, पोराचा कानही चांगला आहे. चुकली होती ती खोली आणि खुर्ची.

आवाज म्हणजे हवेचा दाब कमीजास्त होणं, हे शाळेत झालेलं आहे. साधारण २५ अंश तापमानाला तो सेकंदाला ३४६ मीटर धावतो. झांजेचा आवाज सेकंदाला हजारो वेळा हलतो, त्यामुळे त्याची एक लाट काही सेंटिमीटरांत मावते. पण बेस गिटारच्या जाड तारेवरचा ५७ हर्ट्झचा सूर घ्या. त्याची एक लाट ६ मीटरहून लांब, म्हणजे वीस फूट. दहा फुटांच्या खोलीत तिची बरोबर अर्धी लाट बसते. समोरच्या भिंतीवर आपटून परतलेली लाट नव्यानं येणाऱ्या लाटेला अशी काही गाठते की दोघींची मिळून एक जागच्या जागी हलणारी लाट तयार होते. बारावीत आम्ही तिला स्थिर तरंग म्हणतो, तिच्यावर गणितं सोडवतो आणि परीक्षा संपली की विसरतो.

ही लाट डोळ्यांपुढे आणायची तर गच्च भरलेली एसटी आठवा. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला की पुढच्या पार्टिशनपाशी उभे असलेले लोक चेंगरतात, मागच्या टोकाला मोकळं होतं. मग गाडी हिसका देऊन निघते, तेव्हा मागचे चेंगरतात आणि पुढं मोकळं होतं. मधल्यांचं काय होतं? ते दांडीला लटकून पुढं-मागं हेलकावे खातात, सगळ्यांपेक्षा जास्त हलतात, पण त्यांच्याभोवतीची गर्दी होती तेवढीच राहते. खोलीतली हवा ५७ हर्ट्झला नेमकं हेच करते, सेकंदाला ५७ वेळा. भिंतींशी दाबाचे सगळे चढउतार, पण हालचाल शून्य. मधोमध हालचाल सगळ्यात जास्त आणि दाबात काडीचा फरक नाही.

आपला कान मोजतो दाब, म्हणजे गर्दी. हेलकावे त्याला कळत नाहीत. म्हणून खोलीच्या मधोमध बसलेल्या माणसाला ५७ हर्ट्झचा सूर जवळपास ऐकूच येत नाही, आणि तोच सूर कोपऱ्यात उभं राहिलं की छातीत घुमतो. मी भाच्याला तो एकच सूर वाजवत ठेवायला सांगितलं आणि खुर्चीतून उठवून कोपऱ्यात नेलं. "मायला," एवढंच म्हणाला.

साध्या खोलीत लांबी, रुंदी, उंची वेगवेगळी असते, त्यामुळे असे खड्डे, म्हणजे सूर ऐकूच न येण्याच्या जागा, निरनिराळ्या सुरांवर विखुरले जातात. इथं तिन्ही मापं दहा, म्हणून तिन्ही खड्डे एकाच सुरावर येऊन बसलेले. आणखी एक गंमत आहे. याच सुराच्या वरच्या सप्तकात, ११३ हर्ट्झला, खोलीत बरोबर एक पूर्ण लाट बसते, आणि तिच्यासाठी मधोमध दाब सगळ्यात जास्त असतो. म्हणजे भाच्याच्या खुर्चीत ५७ गायब आणि ११३ दुप्पट. त्यानं कानावर भरवसा ठेवून ५७ वाढवला आणि ११३ कापला. ११३ च्या आसपास पुरुषी आवाजाचा भरदारपणा असतो, संबळाचाही बराचसा गर असतो. पिकअप उघड्या रस्त्यावर उभी, तिला दहा फुटांवर भिंती नाहीत. तिनं बिचारीनं जे फाईलमध्ये होतं तेच वाजवलं.

खोटं वाटत असेल तर घरच्या घरी करून पाहा. पाच फूट रुंदीच्या न्हाणीघरात दार लावून खर्जात 'हं' म्हणत सूर सावकाश वर-खाली न्या. ११३ हर्ट्झच्या जवळपास कुठंतरी अचानक अख्खी न्हाणी गायला लागेल. तिथं तुमचा गळा सुधारलेला नसतो, अर्धी लाट बसलेली असते.

आता मला फार आवडणारा भाग. हवा तापली की आवाज वेगानं धावतो. डिसेंबरातल्या १० अंशांच्या पहाटे त्याचा वेग ३३७ मीटरच्या आसपास असतो. मे महिन्यात स्लॅब तापून खोली ४२ अंशांवर गेली (आणि रेकॉर्डिंग चालू असताना कूलर बंदच ठेवावा लागतो) की तो ३५६ होतो. भिंती तिथंच, पण दहा फुटांत बसणारा सूर बदलतो: हिवाळ्यात ५५.३ हर्ट्झ, उन्हाळ्यात ५८.४. पेटीच्या भाषेत सांगायचं तर खालच्या सप्तकातली पांढरी सहा ५५ वर असते आणि काळी पाच ५८.३ वर. म्हणजे हीच खोली थंडीत पांढरी सहा गिळते आणि मे महिन्यात काळी पाच. तीन हर्ट्झचा फरक तो काय, असं वाटेल. पण खोलीतला आवाज विरायला लागणारे सेकंद घेऊन २.२ ला त्यांनी भागलं की त्या अनुनादाची, म्हणजे खोली ज्या सुराला घुमते त्याच्या आजूबाजूच्या पट्टीची, रुंदी हर्ट्झमध्ये मिळते. कडक प्लास्टरच्या रिकाम्या खोलीत खालचा सूर सेकंदभर रेंगाळला तर ती रुंदी दोन हर्ट्झच्या आसपास येते. तीनची सरक त्याहून मोठी आहे. डिसेंबरात खोली मोजून बसवलेला ईक्यू (नेमके सूर कमीजास्त करायचं साधन) मे महिन्यात शेजारच्याच सुराला कापत बसतो. या वाक्यावर भाचा मोबाईल पाहायला लागला, म्हणून मी आवरतं घेतलं.

आता अंड्याच्या ट्रेंकडे. हे लोण कुठून आलं देव जाणे, पण गावोगावच्या स्टुडिओत ते दिसतं. लगदा, कापूस, फोम अशा सच्छिद्र गोष्टी आवाज शोषतात त्या हलणाऱ्या हवेला घर्षणानं अडवून. हवा हलतच नसेल तर अडवणार काय? एसटीतल्या पार्टिशनला चिकटलेला माणूस कुठं हलत होता? भिंतीपासून दोन इंचांवर ५७ हर्ट्झच्या हालचालीची ऊर्जा मधोमध असते तिच्या जेमतेम चारशेव्या भागाएवढी असते. दोन फुटांवर ती एक तृतीयांश होते. म्हणून ट्रे लावून टाळीची कर्कश खणखण थोडी कमी होते, आणि बेसला ते लावले काय अन् न लावले काय, सारखंच. पाहिजे ती जाडी. आणि जाडीला आपल्याकडे कापसाची वानवा नाही! पिंजलेल्या कापसाच्या चार जुन्या गाद्या घट्ट न आवळता गुंडाळायच्या आणि चारही कोपऱ्यांत उभ्या करायच्या. कोपरा लांबीच्या लाटेचाही असतो आणि रुंदीच्याही, म्हणून तिथं एका गादीत दोन कामं होतात. फक्त वायरी आणि प्लगपासून लांब ठेवा, कापूस पेट घ्यायला वेळ लावत नाही.

आमच्या जुन्या माळवदाच्या घरात भजनाला पखवाज बसायचा तेव्हा असं घुमायचं नाही. लाकडी सराचं छत थोडं लवतं आणि खालच्या सुरांची ऊर्जा खातं. विटा-सिमेंट लवत नाही, सगळं परत फेकतं. पत्र्याच्या शेडमध्ये बेस सरळ बाहेर निसटतो आणि जाता जाता पत्रे वाजवून जातो.

मधल्या काळात भाच्याला एका वास्तूवाल्यानं टेबल पूर्वेच्या भिंतीकडे सरकवायला सांगितलं होतं. त्यानं ते आठवडाभर केलं आणि शपथेवर सांगतो, बेस सुधारला. मग मधोमध बरं दिसतं म्हणून परत आणलं. सुधारला असणारच. खड्ड्यातून खुर्ची बाहेर आली की बेस ऐकू येणार. पश्चिमेला, दक्षिणेला, कुठंही तेवढीच सरकवली असती तरी आला असता, पण श्रेय पूर्वेला गेलं आणि दक्षिणाही. याच माळेतला दुसरा मणी म्हणजे ४३२ हर्ट्झ. मधली पांढरी सहा ४४० ऐवजी ४३२ वर धरून सगळं गाणं लावलं की मन:शांती मिळते, पृथ्वीच्या कंपनांशी जुळतं वगैरे. पृथ्वीचं म्हणून जे ७.८३ हर्ट्झ सांगतात ती विद्युतचुंबकीय कंपनं आहेत, आवाज नव्हे. आणि आमचे गोंधळी गळ्याला झेपेल त्या पट्टीत तुणतुणं लावून शतकानुशतकं गात आलेत. त्यांची देवी कधी हर्ट्झ विचारत नाही.

खोलीचं झालं, थोडं कानाचं. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलं की कान सगळ्या सुरांना सारखा न्याय देत नाही. १००० हर्ट्झचा सूर जेमतेम ऐकू येतो त्या पातळीपेक्षा ५० हर्ट्झला ४० डेसिबलहून जास्त द्यावे लागतात, म्हणजे दहा हजार पटींहून अधिक ऊर्जा. आवाज मोठा केला की हा भेदभाव कमी होतो. म्हणून रात्री शेजाऱ्यांच्या भीतीनं हळू आवाजात मिक्स (सगळे ट्रॅक जुळवून एक गाणं) केलं तर बेस जास्त पडतो, आणि मित्रांना दाखवायला मोठ्यानं लावून मिक्स केलं तर कमी. एकच एक मध्यम पातळी ठरवून तिथंच काम करायचं, एवढाच इलाज.

मोबाईलचं उलटं. त्याच्या चिमुकल्या स्पीकरमधून ५७ हर्ट्झ निघणं शक्यच नाही. तरी बेस कळू शकतो, कारण ११४, १७१, २२८ अशी वरची पटीतली कंपनं ऐकली की मेंदू खालचा सूर स्वतः भरून काढतो. जुना टेलिफोन ३०० हर्ट्झच्या खालचं काही पाठवत नसे, तरी वडिलांचा खर्जातला आवाज बायकी वाटत नसे. मिक्स करताना बेसला किंचित खरखर देतात ती ही वरची कंपनं वाढवण्यासाठी.

बाकीचं काम यापुढं सोपं आहे. पेटी, तुणतुणं, झांज, गायक या सगळ्यांच्या ट्रॅकमधला ८०-१०० हर्ट्झच्या खालचा भाग हाय-पास फिल्टरनं (फक्त वरचे सूर जाऊ देणाऱ्या चाळणीनं) काढून टाकायचा. तिथं संगीत नसतं, पंख्याची घरघर आणि माईकच्या स्टँडला लागलेले पाय असतात. किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), बेस गिटार आणि संबळाचं खर्जाचं अंग तिघांनाही एकाच जागी बसवायचं नाही, कारण ५०० हर्ट्झच्या खाली कान सुमारे १०० हर्ट्झची पट्टी एकत्र धरतो आणि तिच्यातला जोरकस सूर बाकीच्यांना झाकतो. भाच्यानं किक वाजते त्या क्षणापुरता बेस गिटार दबेल असं कॉम्प्रेसरवर (आवाज आपोआप दाबणाऱ्या साधनावर) लावलं. खालचे सूर डाव्या-उजव्यात पसरवायचे नाहीत, मधोमध ठेवायचे. मास्टरिंगला, म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवायला, तर फारसं उरतच नाही. बेस जास्त असला की लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीवर जाऊ न देणारं साधन) सगळी जागा त्यालाच देतो आणि प्रत्येक धुम्मला गायकाचा आवाज खाली दबतो. तिथं नुसता बेस उचलून बाजूला ठेवता येत नाही.

खुर्ची आम्ही समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर आणली. रुंदीच्या दिशेनं मात्र मधोमधच बसावं लागतं, नाहीतर डावं-उजवं बिघडतं, म्हणजे तिकडचा खड्डा राहिलाच. तो गाद्यांनी थोडा उथळ झाला. गाणं परत मिक्स झालं आणि अष्टमीला त्याच पिकअपवर वाजलं. या वेळी शब्द कळले.

शटर मात्र वाजलंच. त्याला मिक्सिंगचा इलाज नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती 'ए' मापात. हे माप हळू आवाज ऐकणाऱ्या कानाच्या हिशोबानं बनवलेलं, त्यामुळे ५० हर्ट्झला ते ३० डेसिबल वजा करून टाकतं. म्हणजे रस्त्यावर उभा मीटर बेसच्या ऊर्जेचा हजारावा भागच धरतो. 'सी' माप वापरलं तर त्याच जागी वजावट दीड डेसिबलचीही होत नाही. किराणावाल्या काकांना हे मी शटरवर खडूनं लिहून समजावलं. ते म्हणाले, "गुरुजी, ते एबीसी राहू द्या, माझे दोन नट गळून पडलेत."

ताईनं दिवाळीला पाहुणे येणार म्हणून चारपैकी दोन गाद्या परत मागितल्या आहेत.