'ए' म्हणजे कोण?

'तुम्हाला कुणाविषयी लैंगिक आकर्षण वाटतं?' या प्रश्नावर 'कुणाविषयीच नाही' असं म्हणणारी माणसं संशोधकांना पूर्वीच भेटली होती. त्यांचं करायचं काय, हे मात्र उमगलं नव्हतं. अमेरिकी लैंगिकता-संशोधक आल्फ्रेड किन्से यांनी १९४८ च्या अहवालात ० ते ६ अशी पट्टी आखली: शून्य म्हणजे पूर्ण भिन्नलिंगी, सहा म्हणजे पूर्ण समलिंगी. पट्टीवर न बसणाऱ्यांना 'एक्स' हे अक्षर मिळालं आणि विषय तिथेच मिटला. मानसशास्त्रज्ञ मायकेल स्टॉर्म्स यांनी १९८० मध्ये एका पट्टीऐवजी दोन अक्ष मांडले, एक भिन्नलिंगी आकर्षणाचा, दुसरा समलिंगी आकर्षणाचा; तेव्हा कुठे दोन्हींवर खाली असणाऱ्या असेक्शुअल, म्हणजे कुणाविषयीच लैंगिक आकर्षण न वाटणाऱ्या, लोकांना नकाशात कोपरा मिळाला.

त्याच वर्षी उलटा प्रकारही घडला. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली होती. त्याच यादीच्या १९८० च्या आवृत्तीत लैंगिक इच्छेचा अभाव हा विकार म्हणून दाखल झाला. स्वतःला असेक्शुअल म्हणवणाऱ्यांना हे निदान लावू नये, असं नमूद व्हायला २०१३ उजाडलं.

मधल्या काळात ही माणसं इंटरनेटवर एकमेकांना सापडली. डेव्हिड जे या विद्यार्थ्याने २००१ मध्ये 'एव्हन' हे असेक्शुअल लोकांचं संकेतस्थळ सुरू केलं. ब्रह्मचर्य हा निर्णय असतो, असेक्शुअ‍ॅलिटी हा कल, हा फरक तिथे पुन्हापुन्हा समजावला गेला. प्रेमाची ओढ आणि लैंगिक ओढ वेगळ्या असू शकतात, हेही. २००४ मध्ये अँथनी बोगार्ट यांनी अठरा हजारांहून अधिक ब्रिटिशांची माहिती तपासली. सुमारे एक टक्का लोकांनी 'कधीच कुणाविषयी आकर्षण वाटलं नाही' असं सांगितलं होतं.

समलिंगी, ट्रान्स अशा लैंगिक अल्पसंख्याकांच्या क्वीअर चळवळीत मात्र स्वागत अर्धवटच झालं. ज्यांचा लढा इच्छेच्या हक्कासाठी होता, त्यांना इच्छा नसलेला सोबती परका वाटला. 'एलजीबीटीक्यूआयए' या चळवळीच्या लांबलेल्या आद्याक्षरांतला 'ए' असेक्शुअलचा की 'अ‍ॅलाय'चा, म्हणजे बाहेरून पाठिंबा देणाऱ्यांचा, यावरही खडाजंगी झाली. 'तुमच्यावर कुठे अत्याचार झाले?' हा प्रश्न तर ठरलेलाच. मला तो पोकळ वाटतो. आजारी ठरवलं जाणं समलिंगी आणि असेक्शुअल अशा दोघांच्याही वाट्याला आलं आहे. शिवाय अनेक असेक्शुअल लोक आपल्याच लिंगाच्या व्यक्तीच्या प्रेमात पडतात, त्यांना बाहेरचं म्हणायचं तरी कसं?

गंमत अशी, की न्यूयॉर्क राज्याने २००२ मध्ये मंजूर केलेल्या भेदभावविरोधी कायद्यात लैंगिक कलाच्या व्याख्येत असेक्शुअ‍ॅलिटीचं नाव होतं. त्याच कायद्यात ट्रान्स व्यक्तींना जागा नव्हती. ती मिळायला २०१९ पर्यंत थांबावं लागलं.