मोटारीतील सबवूफर आणि रोहित्र

मोटारीच्या 12 व्होल्ट बॅटरीवर चालणाऱ्या ध्वनियंत्रणेत सबवूफरला (खोल स्वरांच्या ध्वनिक्षेपकाला) जास्त शक्ती मिळावी म्हणून केलेला रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) वापर. रोहित्र दोन जागी बसू शकते : विवर्धकाच्या (ॲम्प्लिफायरच्या) वीजपुरवठ्यात किंवा विवर्धक आणि सबवूफर यांच्यामध्ये. नाव एकच असल्यामुळे या दोन प्रकारांची नेहमी गल्लत होते.

गरज : इंजिन चालू असताना बॅटरीचा दाब साधारणपणे 14.4 व्होल्टपर्यंत चढतो. तेवढ्यावर ब्रिज जोडणीतला (ध्वनिक्षेपकाची दोन्ही टोके विरुद्ध दिशांनी चालवणारा) विवर्धक 4 ओहमच्या सबवूफरला तत्त्वतः सुमारे 26 वॅट देतो. प्रत्यक्षात त्याहून कमी. पुढे जायचे तर सबवूफरचा संरोध (ओहममधला विरोध, इंपीडन्स) कमी करायचा किंवा दाब वाढवायचा.

उगम : प्रथेचे मूळ दोन ठिकाणी दाखवता येते. साधारण 1930 नंतरच्या व्हॉल्व्हच्या (निर्वात नळ्यांच्या) मोटार-रेडिओंत बहुधा दोन रोहित्रे असत. पहिले व्हॉल्व्हच्या हजारो ओहमांचा मेळ ध्वनिक्षेपकाच्या तीन-चार ओहमांशी घाली. दुसरे पुरवठ्यात असे. तेथे ‘व्हायब्रेटर’ ही कंप पावणारी पत्ती बॅटरीचा एकदिश (डीसी) प्रवाह सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा तोडी-जोडी, रोहित्र त्या तुटक प्रवाहाचा दाब चढवी आणि तो पुन्हा एकदिश केला जाई. ध्वनिक्षेपकापाशी रोहित्र ठेवण्याची रीत जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या काही संचांतही टिकली, म्हणून सबवूफरचा संबंध पहिल्या परंपरेशी जोडण्याचा मोह होतो. कार्याच्या दृष्टीने दुसरी परंपरा जास्त जवळची वाटते. पत्तीच्या जागी मॉसफेट (वीज झटपट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) आले. काम तेच राहिले.

पुरवठ्यातील रोहित्र : डिकीतला विवर्धक उघडला की तांब्याच्या जाड, लाखयुक्त तारा गुंडाळलेले फेराइटचे कडे दिसते. तेच हे रोहित्र. टीएल 494 सारखी नियंत्रक आयसी (चिप) मॉसफेटच्या दोन गटांना आळीपाळीने चालू-बंद करते. वारंवारता सामान्यतः काही दहा किलोहर्ट्‌झ असते. प्राथमिक म्हणजे बॅटरीकडच्या दोन गुंडाळ्यांचे (मॉसफेटच्या प्रत्येक गटासाठी एक) वेढे मोजकेच. त्यांच्या अडीचपट वेढे दुय्यम बाजूस दिले की 14 व्होल्टचे अधिक-उणे 35 व्होल्ट होतात आणि 4 ओहमवर तत्त्वतः सुमारे 150 वॅट निघू शकतात. ही शक्ती रोहित्र निर्माण करत नाही, ती बॅटरीतूनच येते. पूर्ण आवाजात 20 अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढला जातो. अर्थिंगच्या नटाखाली रंग खरवडलेला नसेल किंवा मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेने गंज चढला असेल आणि तेथे 0.05 ओहम रोध राहिला, तर 20 अँपिअरला पूर्ण 1 व्होल्ट तिथेच जातो. वाइंडिंगपेक्षा हा नट आधी पाहावा.

सबवूफरपाशी रोहित्र : संरोध वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो. एकास दोन रोहित्र लावले की 4 ओहमचा सबवूफर विवर्धकाला 1 ओहमचा भासतो. दाब दुप्पट होतो खरा, पण विवर्धकाने चौपट प्रवाह दिला तरच. नाही तर विवर्धक स्वसंरक्षणासाठी बंद होतो किंवा जळतो. खरी अडचण गाभ्याची आहे. गाभ्यातील चुंबकीय अभिवाह दाबाच्या समप्रमाणात आणि वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. 50 हर्ट्‌झवर 12 व्होल्टसाठी बांधलेली गुंडाळी 25 हर्ट्‌झवर 6 व्होल्टच सुरक्षितपणे झेलते, म्हणजे त्याच भारावर शक्ती चौथाई. त्यापुढे गाभा संपृक्त होतो (आणखी अभिवाह सामावू शकत नाही) आणि विवर्धकासमोर केवळ तांब्याचा क्षुल्लक रोध उरतो. इन्व्हर्टरचे 12-0-12 (मधल्या टोकाच्या दोन्ही बाजूंना 12 व्होल्टचे) रोहित्र उलटे जोडून बास वाढवण्याचे प्रयोग नेमके येथे फसतात, कारण सबवूफरचे मुख्य काम 20 ते 80 हर्ट्‌झमध्येच असते. ब्रिज विवर्धकाच्या दोन टोकांत थोडा जरी एकदिश फरक राहिला, तरी गाभ्याचे चुंबकत्व एका बाजूला कलते. दुहेरी व्हॉइस कॉइलच्या (पडदा हलवणाऱ्या दोन गुंडाळ्यांच्या) सबवूफरच्या दोन्ही कॉइल समांतर जोडल्या, तर कमी संरोध लोखंडाच्या वजनाशिवाय मिळतो, म्हणून तो मार्ग श्रेयस्कर.

मुंबईत : सुटे भाग व आयसी मुख्यतः लॅमिंग्टन रोडवर (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) मिळतात, मोटारीत बसवण्याचे काम कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील दुकानांत होते. जळालेल्या कड्यावर पुन्हा वेढे घालून घेता येतात, मात्र दोन्ही प्राथमिक गुंडाळ्यांचे वेढे अगदी समान हवेत, नाही तर एका बाजूचे मॉसफेट तापून जातात. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा 55 व रात्री (10 ते 6) 45 डेसिबल आहे.