इगर्जीचा उंबरठा आणि नाताळचे आंगण

डिसेंबर उजाडला की गोव्यातल्या वाड्यावाड्यांवर जुनेच वाद नव्याने निघतात. मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे ख्रिस्ती उपासनेला, सांताक्लॉजने इगर्जीत (चर्चमध्ये) यायचे की बाहेर मंडपात थांबायचे? कोयरने (गायकवृंदाने) ‘जिंगल बेल्स’ घ्यायचे का? ख्रिस्तजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात बाळ येशू नेमका कधी ठेवायचा? बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटेल. पण गोव्यात सण आणि उपासना यांची ही घासाघीस पाचशे वर्षांची आहे. पोर्तुगीज काळातल्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, ‘काय चालेल, काय नाही’ याच्या याद्या काढल्या, त्या कधीच बाद झाल्या. टिकला तो लोकांनी आपसांत पाळलेला साधा हिशेब: कुठली गोष्ट उंबरठ्याच्या आत, कुठली बाहेर, आणि कधी.

आधी तारखेचे. 25 डिसेंबरला ख्रिस्तजन्म असल्याची सर्वांत जुनी नोंद रोममधल्या इ.स. 354 च्या एका पंचांगवजा संकलनात आहे. तो मजकूर 336 च्या सुमाराचा मानतात. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत मरियेला सांगतो, की एलिझाबेथला सहावा महिना लागला आहे. म्हणजे एलिझाबेथचा योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी थोरला, आणि त्याचा सण 24 जूनला. गोव्यातला सांजांव तो हाच. पोटातल्या योहानाने आनंदाने उडी मारली, म्हणून डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून, घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर फिरत विहिरीत उड्या मारायच्या. जूनअखेर विहिरी भरू लागलेल्या असतात म्हणून हे जमते. युरोपात त्याच रात्री ऐन उन्हाळ्यात शेकोट्या पेटवतात. एकच संत, तिकडे आग, इकडे पाणी. मिस्साचा क्रम मात्र दोन्हीकडे एकच.

गोठ्याची कुळकथा याच्या उलटी आहे, कारण तो जन्मला तोच मिस्सात. 1223 च्या नाताळात असिसीच्या फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाणीत गवत घातले, खराखुरा बैल आणि गाढव आणून उभे केले आणि तिथेच मिस्सा करवून घेतली. पुढे त्याच्या पंथाचे लोक 1517 मध्ये गोव्यात आले. मांडवीच्या काठावर वेरेला 1555 मध्ये त्यांनी बांधलेली इगर्ज बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या नावाची, रेइश मागुश. गोठा, राजे, मिरवणूक, नाट्य ही सगळी शिदोरी त्यांच्याबरोबर आली, आणि धर्मांतरित गावांना ती परकी वाटली नाही. जत्रा, पालखी, दशावतारी यांच्यात वाढलेल्या माणसाला देव ‘पाहायची’ सवय होतीच.

‘ऐकायची’ सोय जेझुइट या दुसऱ्या पंथाच्या पाद्रींनी केली. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्रीचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापले गेले. भाषा मराठी, मधून मधून कोकणी शब्द, आणि छंद ओवीचा. पुराण ऐकणाऱ्या समाजाला पुराणच द्यावे, फक्त कथा ख्रिस्ताची असावी, असा हा विचार. इगर्जीत त्याचे वाचन होत असे. गंमत पुढे आहे. 14 एप्रिल 1736 ला गोव्याच्या इन्क्विझिशनने एक हुकूमनामा काढला आणि लग्नघरातली ओव्यांची गाणी, हळद-तेल लावणे, विडा आणि फुले पाठवणे, घरी तुळस लावणे असल्या कितीतरी गोष्टींना बंदी केली. ज्या छंदाला इगर्जीत पाट मिळाला होता, तोच घरच्या चुलीपाशी गुन्हा ठरला. इन्क्विझिशन 1812 मध्ये कायमची बंद झाली. आजही ख्रिस्ती लग्नघरात आदल्या दिवशी वधूवरांना नारळाचा रोस लावतात, पण तो घरी. लग्न लागते ते इगर्जीत. हुकूमनाम्याने जे साधले नाही, ते या वाटणीने आपसूक साधले.

नाताळच्या ताटाचेही तसेच. ‘कोन्सोआदा’ हा पोर्तुगीज शब्द मुळात 24 डिसेंबरच्या रात्रीच्या, उपास सोडून करायच्या जेवणाचा. गोव्यात तो शेजारीपाजारी पाठवायच्या गोडाच्या ताटाला चिकटला. ताटात दोदोल, बिबिंक, कुलकुल, दोस आणि नेवऱ्या. नेवरी म्हणजे तीच, जी हिंदू घरात चवथीला (गणेशचतुर्थीला) तळतात. म्हणून नाताळचे ताट शेजारच्या हिंदू घरात जाते आणि चवथीचे परत येते, तेव्हा कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही.

झाड आणि सांता हे त्या मानाने कालचे पाहुणे. जर्मन घरांतले नाताळचे झाड पोर्तुगालच्या राजवाड्यात आणले ते राणी मारिया दुसरी हिच्या जर्मन नवऱ्याने, फर्डिनांडने, 1840 च्या दशकात. साधारण त्याच काळात इंग्लंडच्या राजवाड्यातल्या झाडाचे चित्र 1848 मध्ये लंडनच्या सचित्र साप्ताहिकात छापून आले आणि झाडाचे वेड इंग्रजी मुलखात पसरले. सांताच्या मुळाशी चौथ्या शतकातला मायराचा बिशप संत निकोलस आहे; त्याचा सण 6 डिसेंबरला. डचांनी त्याला सिंटरक्लास म्हणून अमेरिकेत नेले, 1863 पासून थॉमस नास्टच्या व्यंगचित्रांनी त्याला गुबगुबीत केले आणि 1931 पासूनच्या कोका-कोलाच्या जाहिरातींनी त्याचा तांबडा पोशाख जगभर पक्का केला. गोव्यात ही मंडळी शिरली ती मुख्यतः ब्रिटिश मुंबईच्या वाटेने, धोबीतलावच्या कुडांत (गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडांत) राहून गावी परतणाऱ्यांच्या ट्रंकांतून, आणि 1961 नंतर इंग्रजी शाळा व हॉटेलांतून. झाडाला धर्मपीठाची ना नाही. 1982 पासून रोमच्या सेंट पीटर चौकात गोठ्याशेजारी झाडही उभे राहते. सांता मात्र उपासनेत कुठेच बसत नाही. त्याचा विधी नाही, वाचन नाही, जागा नाही.

नखेत्र, म्हणजे नाताळचा चांदणीच्या आकाराचा कंदील, हे खास आपले. घरच्या घरी करायचे तर दोन फुटी सारख्या दहा बांबूच्या कामट्या लागतात. पाच-पाच कामट्यांची दोन पंचकोनी नखेत्रे पेन न उचलता एका रेषेत वहीत काढतो तशी बांधायची, मग एकावर एक ठेवून पाचही टोके सुतळीने घट्ट आवळायची. आत जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, त्या पाच ठिकाणी दोन्ही नखेत्रांच्या मध्ये पाच-सहा इंचांचे आडवे तुकडे कोंबले की पोट फुगते. बिघडते ते इथेच. तुकडा मोठा झाला की कामटी टोकापाशी चिरते. पाचपैकी एक आखूड पडला की नखेत्र दोरीवर तिरके फिरत राहते. पतंगी कागद खळीने डकवायचा, पण वरच्या दोन टोकांवर आतून प्लास्टिक लावलेले बरे, नाहीतर डिसेंबरचे दव चार रात्रींत कागद सैल करते. कामट्या, कागद, खळ हे सगळे सामान दिवाळीच्या आकाशकंदिलाचेच. गावातली जी पोरे आकाशकंदील करतात, त्यांचेच हात महिन्या-दीड महिन्याने नखेत्राला लागतात.

गोठ्यातली हिरवळ तर थेट नवरात्रातल्या रुजवणाची बहीण. नाचणी रात्रभर भिजवून, मातीच्या पसरट ताटलीत ओल्या मातीवर दाट फेकायची आणि वर मातीची पातळ चादर. आठ-दहा दिवसांत तीन-चार इंच वाढते, म्हणून पेरायची 14-15 तारखेला. लवकर पेरली तर 24 ला आडवी पडते. पाणी शिंपडायचे, ओतायचे नाही. साचले की बुरशी धरते. अंधारात ठेवली तर उंच होते, पण पिवळी. डोंगरासाठी जाड खाकी कागद चुरगळून खळीत बुडवतात आणि वाळला की रंग फवारतात. दिव्यांच्या माळेचे जोड पेंढ्यात पुरू नयेत. स्वस्त माळेचा जोड तापतो, आणि सुका पेंढा पेटायला तेवढे पुरते.

गव्हाण 24 च्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी हवी. वाड्यावरच्या गोठा-स्पर्धांनी हा नियम मोडीत काढला. परीक्षक 22-23 ला येणार, मग गोठा ‘पुरा’ दिसायला हवा, म्हणून पोरे बाळ आधीच ठेवून मोकळी होतात. परीक्षण 26 डिसेंबर ते 5 जानेवारीच्या दरम्यान ठेवले की प्रश्न मिटतो. तीन राजेसुद्धा पहिल्या दिवशी गव्हाणीपाशी नकोत; ते लांब, गोठ्याच्या कडेला ठेवायचे आणि रोज थोडे पुढे सरकवत 6 जानेवारीला पोचवायचे. मुलांना हे काम फार आवडते.

वेळेचा हा कटाक्ष उपासनेच्या पंचांगातून येतो. नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळाचे. पाद्रीचा झगा जांभळा, वेदीवर फुले बेताची, ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत बंद. चार मेणबत्त्यांच्या माळेचा उगम हॅम्बुर्गमधला. तिथे 1839 मध्ये विशर्न या प्रोटेस्टंट पाद्रीने अनाथ मुलांना दिवस मोजता यावेत म्हणून चाकावर मेणबत्त्या लावल्या. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी हा कॅथलिक पाठ नंतरचा. नेमक्या याच चार आठवड्यांत दुकाने, हॉटेले आणि शाळांची स्नेहसंमेलने नाताळ साजरा करून टाकतात. मग 24 च्या रात्री, चार आठवड्यांच्या मौनानंतर घंटांच्या गजरात ग्लोरिया उठते, तेव्हा तिच्यात नवे काही उरत नाही. सांतापेक्षा हे नुकसान मोठे आहे, आणि त्यावर वाद कोणीच घालत नाही.

त्या मिस्साला पोर्तुगीजांत ‘मिसा दु गालु’, कोंबड्याची मिस्सा, म्हणतात. तिच्यात एक जागा हमखास चुकते. एरवी श्रद्धासूत्र म्हणताना ख्रिस्ताच्या देहधारणेच्या शब्दांना नुसते वाकतात. नाताळला मात्र सर्वांनी गुडघे टेकायचे असतात. कोयर संगीताच्या ओघात तशीच पुढे जाते आणि अर्धी इगर्ज उभी, अर्धी गुडघ्यांवर राहते. कोयरच्या मेस्त्रीने (संगीतशिक्षकाने) तिथे दोन मात्रांची विश्रांती ठेवली की पुरे. बाळाचे दर्शन आणि चुंबन शेवटच्या आशीर्वादानंतर. सांताने यायचे ते त्याच्याही नंतर, आणि आंगणात. त्याचा मायक्रोफोन वेदीचा नको, आणि बँडने वाद्ये जुळवून पाहायची ती मिस्सा सुरू होण्याच्या तासभर आधी. उघड्या मैदानावर मिस्सा असेल तर 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांचाही हिशेब ठेवावा लागतो. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि राज्य सरकार वर्षातल्या फार तर 15 दिवसांना 12 पर्यंत सूट देऊ शकते. म्हणजे सांताचा कर्णा त्या रात्री वाजण्याचा प्रश्नच उरत नाही.

संगीताची लढाई जुनी आहे. गोव्यातल्या इगर्जींच्या शाळांत मेस्त्री मुलांना सोल्फा (स्वरवाचन) आणि व्हायोलिन शिकवत. ती व्हायोलिने इगर्जीतही वाजत आणि मांडो या गोव्यातल्या गाण्यांच्या बैठकीतही. 1903 मध्ये पोप पायस दहावे यांनी नाटकी ढंगाच्या संगीताला इगर्जीतून बाहेर काढले आणि पियानो, ढोल, झांजा यांना साफ मनाई केली. हे कडक नियम पुढे ढिले झाले. 1963 च्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजाने स्थानिक भाषेला आणि संगीताला दार उघडले. इगर्जीतल्या मैफलींबाबत 1987 चे रोमचे पत्र मात्र अजून उपयोगी आहे. प्रवेश फुकट हवा, कलाकारांनी वेदीच्या चौथऱ्यावर बसू नये आणि पवित्र साक्रामेंत (ख्रिस्ताचे शरीर मानलेला प्रसाद) शक्यतो बाजूच्या कपेलात (छोट्या प्रार्थनामंदिरात) हलवावा. कॅरोल स्पर्धा इगर्जीत घेणाऱ्या क्लबांनी एवढे तीन मुद्दे पाळले तरी निम्मी कुरबुर थांबेल. ‘जिंगल बेल्स’बद्दल सांगायचे तर 1857 च्या त्या गाण्यात ख्रिस्तजन्माचा एक शब्द नाही, घसरगाडीची शर्यत आहे. आंगणात खुशाल वाजवा. ‘अदेस्ते फिदेलिस’ या लॅटिन नाताळगीताला मात्र इंग्रज ‘पोर्तुगीज स्तोत्र’ म्हणत, कारण लंडनमधल्या पोर्तुगीज वकिलातीच्या कपेलात ते ऐकू येई. गोव्याच्या कोयरला ते घरचेच.

आंगण आणि उंबरठा यांची वाटणी सगळ्यांत स्वच्छ दिसते 6 जानेवारीला. कासावलीला कासावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांची तीन मुले जरीचे पोशाख आणि मुकुट घालून घोड्यांवर बसतात आणि तीन वाटांनी कुएलीच्या टेकडीवरच्या कपेलाकडे चढतात. बरोबर बँड, फटाके, खाज्याची दुकाने, सगळी जत्रा. दारात घोडे थांबतात. राजे पायउतार होतात, आत जातात आणि मिस्सा संपेपर्यंत इतर कुठल्याही मुलांसारखे बाकावर बसतात. बाहेर आले की पुन्हा राजे.

त्यानंतरच्या रविवारी येशूच्या बाप्तिस्म्याचा सण. सोमवारपासून पाद्रीचा झगा हिरवा होतो आणि गोठा उतरवायला हरकत नसते. मूर्ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीत जातात, नखेत्राचा कागद फाडून कामट्या माळ्यावर जातात आणि पिवळी पडलेली नाचणी मातीसकट माडाच्या आळ्यात रिकामी होते.